लाईट आहे, मशीन चालू

पहिल्यांदा लाईट गेली तेव्हा ज्योतीराम घरात एकटेच होते.

त्यांची सगळी नोकरी फाउंड्रीत कास्टिंग घासण्यात गेली होती. साच्यातून निघालेल्या लोखंडी भागांचे फाजील काठ ग्राइंडरनं काढायचे, आणि दिवसभर वाळूची न् लोखंडाची धूळ नाकातोंडात घ्यायची. तोंडाला रुमाल बांधायचा, एवढाच काय तो बचाव. रिटायर झाल्यावर खोकला सुरू झाला. आधी जिना चढताना दम लागायचा, मग मोरीपर्यंत जाताना, मग नुसतं बोलतानाही. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि सांगितलं, फुप्फुसं कडक झालीत, आता परत मऊ व्हायची नाहीत.

तेव्हापासून भोसरीतल्या त्यांच्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत, पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन आलं. विजेवर चालणारं, खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन काढून नळीनं नाकात सोडणारं. लाईट गेलीच तर कोपऱ्यात सिलिंडर उभा होता. पण मशीनची नळी काढून सिलिंडरला लावायची, चावी फिरवायची, एवढं करायलाही ज्योतीरामांना उठता येत नव्हतं.

बायको कौशल्याबाई मागच्या गल्लीतल्या कामगारांच्या मेसमध्ये चपात्या लाटायला जायच्या. मुलगा धनेश चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता. त्या गुरुवारी दुपारी कौशल्याबाई घरी परतल्या तर मशीन गप्प, पंखा थांबलेला, नवऱ्याचे ओठ जांभळे आणि डोळे दाराकडे लागलेले. घाईघाईनं त्यांनी सिलिंडर जोडला. ज्योतीराम वाचले.

संध्याकाळी धनेश कंपनीच्या बसनं घरी आला तेव्हा आई ओट्याला टेकून जमिनीवरच बसली होती.

"मला कुनी सांगितलं असतं तर पळत आले असते रं," ती म्हणाली. "पाच मिनिटं बी लागत न्हाईत. पन कळलंच न्हाई. मेसमधी इन्व्हर्टर हाय, तिथले पंखे चालूच व्हते."

"तू आता कामाला जाऊ नकोस."

आतल्या खोलीतून ज्योतीरामांचा आवाज आला. दोन शब्दांमध्ये एक श्वास घेत ते म्हणाले, "जाऊ दे तिला. दिवसभर… माझ्या तोंडाकडं बघत बसली… तर मी त्यानंच मरंन."

त्या रात्री जेवताना धनेश म्हणाला, "आई, लाईट गेली की तुझ्या फोनची बेल वाजेल असं काहीतरी करतो मी."

कंपनीत रोबोटच्या आणि कन्व्हेअर पट्ट्याच्या कंट्रोल पॅनलांत डोकं घालून बसणं हेच त्याचं काम होतं. त्याला हे एका रविवारचं काम वाटलं. त्यानं एक छोटा बोर्ड मागवला, तळहातात मावेल एवढा. शौक म्हणून असल्या गोष्टी करणारी मंडळी मोबाईलवरून घरातले दिवे लावायला वापरतात, तसला. कल्पना साधी होती. बोर्ड स्वतः बॅटरीवर चालणार. ऑक्सिजनचं मशीन ज्या एक्स्टेन्शनला लावलंय, त्यावरूनच एक वायर बोर्डाला. तिथली वीज गेली की बोर्डाला कळणार, आणि तो घरच्या वायफायवरून आईच्या आणि धनेशच्या फोनला निरोप धाडणार. दोघांच्या फोनमध्ये त्यासाठी ॲप टाकलं. निरोप आला की भोंग्यासारखी बेल.

रविवारी वायरी जोडून झाल्या, प्रोग्रॅमही लिहून झाला. पण बोर्ड काही वायफायला जोडला जाईना. लॅपटॉपच्या पडद्यावर 'जोडतोय' असा शब्द यायचा आणि त्यापुढं एकेक ठिपका पडत जायचा. ठिपक्यांची ओळ भरली की दुसरी ओळ. धनेशनं वायफायचं नाव तपासलं, पासवर्ड एकेक अक्षर करून तपासला. मोबाईल त्याच पासवर्डनं झटक्यात जोडला जात होता. बोर्ड नुसते ठिपके टाकत होता.

"काय करतूयास?" ज्योतीरामांनी आतून विचारलं.

"तुमच्यासाठीच करतोय, आबा."

"बरं."

शेवटी त्यानं बुद्धरत्नला फोन लावला. बुद्धरत्न दिघीला राहायचा. डिप्लोमाला दोघं एका बाकावर होते. आता तो एका आयटी कंपनीत नेटवर्क सांभाळत होता.

"राउटर नवा आहे ना?" बुद्धरत्ननं विचारलं. "मग तो एकाच नावानं दोन वायफाय सोडतो. एक जलद, एक जुन्या पद्धतीचं. तुझ्या बोर्डाला फक्त जुनंच समजतं, भावा. दोघांना वेगळी नावं दे आणि बघ."

धनेशनं नावं वेगळी केली. दोन ठिपके पडले आणि बोर्ड जोडला गेला.

"आबा, जोडलं!" तो ओरडला.

"काय?"

"नेट."

"हां." थोडा वेळ नुसता मशीनचा घरघराट ऐकू आला. "मग आता… बस की हितं जरा."

"आलोच," धनेश म्हणाला आणि बोर्डासाठी प्लॅस्टिकचा डबा शोधायला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं कंपनीतून पाहिलं तर बोर्ड नेटवर नव्हता. संध्याकाळी घरी येऊन बटण दाबलं की चालू. सकाळी परत बंद. असं आठवडाभर चाललं. आधी त्याला वाटलं सिग्नल कमी पडतोय, कारण राउटर बाहेरच्या खोलीत आणि मध्ये भिंत. त्यानं राउटर दाराच्या चौकटीवर आणून ठोकला. मग लक्षात आलं की बॅटरी भरायला लावलेला जुना चार्जरच कमजोर होता, वायफाय चालू झालं की बोर्डाला वीज पुरत नव्हती. चार्जर बदलला. मग असं दिसलं की ऑक्सिजनच्या मशीनची मोटर जोरानं उचलली की त्याच क्षणी बोर्ड दचकल्यासारखा बंद होऊन पुन्हा चालू होतो. त्याचा चार्जर वेगळ्या सॉकेटला लावला. प्रत्येक वेळी वाटायचं, हेच होतं, आता संपलं. प्रत्येक वेळी दोन दिवसांनी बोर्ड पुन्हा गप्प.

कामावरून आला की बूट काढायच्या आधी तो लॅपटॉप उघडायचा. आईनं पुढ्यात ठेवलेला चहा गार व्हायचा. बसमध्ये, मोशीच्या जॅममध्ये अडकला की तो फोनवर परक्या देशांतल्या लोकांचे प्रश्न वाचत बसायचा. कुणाचा बोर्ड बागेला पाणी घालताना नेटवरून पडत होता, कुणाचा माशांच्या टाकीचं तापमान सांगता सांगता. उत्तरं देणारे गमतीगमतीत लिहायचे. धनेशला त्या गमतीचा राग यायचा.

बोर्ड सलग चार दिवस नेटवर राहिला तेव्हा त्यानं खरी परीक्षा घ्यायची ठरवली. आबांना सिलिंडर लावला आणि घराचा मेन स्विच पाडला. आई फोन हातात धरून उभी राहिली. बेल वाजली नाही.

"न्हाई वाजली," ती म्हणाली, जणू त्याला दिसतच नव्हतं.

धनेशनं वर पाहिलं. राउटरचे सगळे दिवे विझलेले होते. लाईट गेली की राउटरही जाणार, ही गोष्ट इतके दिवस त्याच्या डोक्यात आली नव्हती. रोज दुसऱ्यांची मशीनं दुरुस्त करणारा माणूस भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. आईनं मेन स्विच वर केला आणि नवऱ्याची नळी पुन्हा मशीनला लावली.

राउटरसाठी छोटी बॅटरी आणली. ती जोडली त्याच आठवड्यात खरोखरची लाईट गेली, पुन्हा गुरुवारी. धनेश त्या वेळी चाकणला एका बंद पडलेल्या कन्व्हेअरखाली आडवा होता. फोन खिशात होता, बेल वाजली नाही. आईच्या फोनचीही वाजली नाही. पण हल्ली कौशल्याबाई दर थोड्या वेळानं मेसमधून बाहेर येऊन समोरच्या झेरॉक्सवाल्याच्या पाटीकडं बघून जात. पाटीतला दिवा विझलेला दिसला आणि त्या पिठाच्या हातांनी पळत सुटल्या. ज्योतीरामांचा श्वास घशात अडकल्यागत झाला होता.

घरी आल्यावर धनेशला कारण सापडलं. घरातला राउटर बॅटरीवर चालू होता, पण जिन्यातली इंटरनेटवाल्याची पेटी बिल्डिंगच्या लाईटवर होती. ती गेली की सगळ्या बिल्डिंगचं नेट जात होतं.

"मी त्यांना सांगतो, त्या पेटीला बॅटरी लावा म्हणून," तो म्हणाला.

"कुणाला सांगतोस?" आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "धनेश, मी सोडते काम. घरात बसते. त्यांनी तोंड फिरवून पडावं पाहिजे तर."

"अजून एक रविवार दे मला."

त्या रविवारी बुद्धरत्न आला. हातात पिशवी होती. धनेशनं त्याला सगळं सांगितलं: राउटर, पेटी, गुरुवार. बुद्धरत्ननं ऐकून घेतलं.

"घरचं नेट विसर," तो म्हणाला. "तुझा जुना फोन आहे ना? त्यात एक सिम टाक, त्याचा हॉटस्पॉट लाव, आणि बोर्ड त्यालाच जोड. मोबाईलचे टॉवर लाईट गेली तरी लगेच पडत नाहीत. आणि दुसरं. तुझा बोर्ड लाईट गेल्यावरच बोलतो. म्हणजे तो गप्प आहे तेव्हा सगळं ठीक आहे, का तोच मेलाय, तुला कसं कळणार? त्याला मधून मधून बोलायला लाव. दर अर्ध्या तासानं एक निरोप, की लाईट आहे, मशीन चालू. हा निरोप आला नाही तर समजायचं काहीतरी बिघडलं."

धनेशनं कपाळावर हात मारला आणि लगेच लॅपटॉप पुढ्यात ओढला.

बुद्धरत्न पिशवी घेऊन आत गेला. पिशवीत ऑक्सिजनची लांब नळी होती. मागच्या खेपेला तो आला तेव्हा ज्योतीराम त्याला सहज बोलले होते, की ही नळी पलंगापुरतीच आहे, गॅलरीपर्यंत पुरली असती तर जरा बाहेर बसता आलं असतं. हे ते धनेशलाही बोलले होते. धनेशनं "आणतो" म्हटलं होतं.

बुद्धरत्ननं नळी बदलली, गॅलरीत खुर्ची मांडली, ज्योतीरामांना काखेत धरून हळूहळू नेलं. किती महिन्यांनी त्यांच्या तोंडावर ऊन पडलं. बाहेरच्या खोलीत धनेशला दोघांचं बोलणं तुटक तुटक ऐकू येत होतं. मध्येच आबांचं हसणं आलं, हसण्यामागून लांबलेला खोकला आला. पडद्यावर ठिपके पडत होते. जुन्या फोनचा हॉटस्पॉट थोडा वेळ कुणी वापरलं नाही की आपोआप बंद होत होता, आणि बॅटरी वाचवायला धनेशनं बोर्डाला मध्ये मध्ये झोपायला लावलं होतं. बोर्ड जागा व्हायचा तोवर हॉटस्पॉट गेलेला. त्यानं बोर्डाची झोप काढून टाकली. तो सतत जागा राहील असं केलं.

काम झालं तेव्हा बुद्धरत्न गॅलरीतून आत आला होता आणि ज्योतीराम पलंगावर झोपले होते. दमल्यामुळं लगेच डोळा लागला होता.

"बोर्ड लागला का?" बुद्धरत्ननं विचारलं.

"लागला."

"मग उद्या जरा त्यांच्यापाशी बस, राव. मी सांगतो म्हणून."

"बसतो," धनेश म्हणाला. "एकदा हे पक्कं होऊ दे."

सोमवारी त्यानं चाकणहून फोन करून आईला सांगितलं, सिलिंडर लाव आणि एक्स्टेन्शनचं बटण बंद कर. बटण पडलं आणि दोन्ही फोन एकदम किंचाळले. कंपनीच्या शेडमधली माणसं वळून बघायला लागली. फोनवर आई हसत होती. कितीतरी दिवसांनी हसत होती. "वाजली! बया, कान फाटले माझे!" मागून आबांचा आवाज आला, "बंद कर… ते आधी."

त्यानंतर निरोप यायला लागले. बसमध्ये, कँटीनमध्ये, पॅनलपुढं उभं असताना, दर अर्ध्या तासानं खिशात बारीकशी थरथर व्हायची. 'लाईट आहे, मशीन चालू.' गुरुवार आला, लाईट गेली, बेल वाजली, कौशल्याबाई पळत घरी आल्या, सिलिंडर जोडला. ज्योतीरामांना कळलंसुद्धा नाही म्हणावं इतकं लवकर झालं. धनेशला वाटलं, आपण जिंकलो. त्या आठवड्यात त्यानं आबांपाशी बसायचं ठरवलंही होतं, पण कंपनीत लाईनवर नवीन मॉडेल चढत होतं, ओव्हरटाइम चालू होता, आणि तो घरी यायचा तेव्हा ते बहुतेक झोपलेले असायचे. त्यांची झोप वाढली होती. धनेशनं ते चांगलं लक्षण धरलं.

एका मंगळवारी तो फर्स्ट शिफ्टला होता. सकाळी निघताना त्यानं आत डोकावलं. आबा भिंतीकडं तोंड करून पडले होते. त्यानं हाक मारली नाही. कामावर नाश्त्याला त्यानं दोन प्लेट पोहे खाल्ले. एवढी भूक त्याला बऱ्याच दिवसांत लागली नव्हती. फोन थरथरला. 'लाईट आहे, मशीन चालू.' त्यानं फोन पाहून खिशात टाकला आणि बरोबरच्या माणसाशी क्रिकेटवर बोलत बसला. अर्ध्या तासानं पुन्हा निरोप आला, मग पुन्हा. जेवणाची सुट्टी व्हायच्या जरा आधी आईचा फोन आला.

भोंगा नव्हता, साधी रिंग होती. म्हणून त्यानं निवांत उचलला.

"धनेश," आई म्हणाली.

"काय झालं? लाईट गेली का?"

"लाईट हाय रं," ती म्हणाली. "लाईट हाय, मशीन बी चालू हाय. नळी नाकातच हाय. ह्ये उठंना झालेत."

कंपनीनं गाडी दिली. मोशीला नेहमीसारखी गर्दी होती. ट्रकच्या मागं ट्रक, मध्ये एक टँकर आडवा लागलेला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. धनेश मागं बसून फोनकडं बघत होता. त्यानं सकाळपासूनचे निरोप वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिले. कुठल्या निरोपाच्या वेळी आबा होते आणि कुठल्या वेळी नव्हते, हे त्यातून कळत नव्हतं. गाडी जागची हलायच्या आत अजून एक निरोप आला.

घरी डॉक्टर येऊन गेले होते. जिन्यात त्याला ते भेटले. "ऑक्सिजन मिळतच होता हो," त्यांनी सांगितलं. "पण घ्यायला फुप्फुसं राहिली नव्हती. झोपेतच झालं. तुम्ही घरात असता तरी फार काही करता आलं नसतं." धनेशनं मान हलवली. 'फार काही' म्हणजे काय काय, हे त्याला विचारायचं होतं. डॉक्टर उतरून गेले.

शेजारच्या छबूबाई आईला धरून बसल्या होत्या. आईनं वर पाहिलं.

"तुला काय सांगितलं रे मशीननं?" तिनं विचारलं.

धनेश तिच्यासमोर खाली बसला.

"मी मेसमधी डाळ टाकूस्तोवर थांबले आज," आई म्हणाली. "रोज मधी येऊन बगून जायचे. आता बेल हाय म्हनून गेले न्हाई. बेल वाजंल म्हनून थांबले." आणि मग ती दोन्ही हातांनी जमिनीवर थापा मारत रडायला लागली.

गावाकडून, औशाकडून माणसं यायला संध्याकाळ होणार होती. तोवर सगळे थांबले. मामा दौलतराव आल्यावर आबांना उचललं. स्मशानभूमीत पोचेस्तोवर दिवस मावळला होता. धनेशनं मडकं खांद्यावर घेतलं, फेरे घातले, अग्नी दिला. लाकडं नीट पेटायला वेळ लागला. तो मागं सरून लोकांत उभा राहिला, आणि खिशात फोन थरथरला.

त्याला वाटलं कुणाचा तरी सांत्वनाचा असेल. त्यानं काढून पाहिला. 'लाईट आहे, मशीन चालू.'

बुद्धरत्न शेजारीच उभा होता. त्यानंही वाचलं. दोघांना एकदमच कळलं की मशीन कुणी बंदच केलेलं नाही. आतल्या खोलीत रिकाम्या पलंगावर नळी पडलेली असेल आणि तिच्यातून ऑक्सिजन उशीवर वाहत असेल. इतक्या माणसांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. महिनोन्महिने चाललेला तो घरघराट सगळ्यांना घराचाच वाटायला लागला होता.

बुद्धरत्ननं धनेशच्या हातातून फोन घेतला, बाजूला जाऊन छबूबाईंना फोन लावला आणि हळू आवाजात सांगितलं. पण बटण पाडलं की बेल वाजणार, हे त्याच्या लक्षात आलं नाही. छबूबाईंनी भिंतीवरचं बटण बंद केलं. क्षणात फोन बुद्धरत्नच्या हातात किंचाळायला लागला. चितेभोवतीची माणसं वळली. बुद्धरत्न गडबडून बटणं दाबत राहिला, त्याला ते ॲप माहीत नव्हतं. धनेशनं फोन घेतला आणि बंद केला. घरीही, बायकांच्या रडण्याच्या मध्ये, आईच्या उशाशी ठेवलेला फोन तसाच वाजत राहिला. छबूबाईंनी नंतर सांगितलं, आई उठून उभी राहिली होती, दाराकडं निघाली होती. मेसमधून धावायची तशीच.

दहावा, तेरावा झाला. ऑक्सिजनचं मशीन भाड्याचं होतं, ते ज्यांचं होतं ते घेऊन गेले. बोर्ड, जुना फोन, वायरी बुद्धरत्ननं न विचारता एका पिशवीत भरल्या आणि आपल्या घरी नेल्या. धनेशनं त्याला अडवलं नाही.

पुढच्या रविवारी धनेश स्वतःच दिघीला गेला. बुद्धरत्नच्या घराच्या गच्चीवर दोघं बसले. समोर लष्कराची मोकळी जमीन होती, झुडपांवर पिवळं ऊन. बराच वेळ धनेश मशीनचंच बोलत राहिला. बोटाला लावतात ते यंत्र बोर्डाला जोडता आलं असतं. त्यावरून अंगातला ऑक्सिजन किती, नाडी किती, सगळं कळलं असतं. आपण नुसती लाईट बघत राहिलो, माणूस बघायचा राहिला. बुद्धरत्ननं त्याला बोलू दिलं.

मग धनेशनं जे विचारायला आला होता ते विचारलं.

"त्या दिवशी गॅलरीत आबा तुझ्याशी काय बोलत होते?"

बुद्धरत्ननं आठवायचा प्रयत्न केला. "साधंच रे. समोरची उंच बिल्डिंग कधी झाली म्हणाले. तिथं आधी एक शेड होती, तिथं त्यांचा कुणी गाववाला कामाला होता. माझ्या पोरीचं नाव विचारलं. ती कितवीला आहे विचारलं."

"हसले कशाला?"

"हसले?"

"एकदा जोरात हसले होते. मग खोकला आला."

बुद्धरत्नच्या कपाळावर आठ्या पडल्या. "नाही आठवत, भावा," तो शेवटी म्हणाला. "खरंच नाही आठवत. मी खोकल्यामुळं घाबरलो होतो, तेवढंच डोक्यात राहिलं."

"माझ्याबद्दल काही?"

"तू आत काम करतोयस, एवढं म्हणाले. हळू बोलू, त्याचं काम चाललंय, असं."

धनेशनं मान खाली घातली. बुद्धरत्ननं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. खाली बुद्धरत्नची पोरगी सायकलची घंटी वाजवत गल्लीत फेऱ्या मारत होती. त्याच्या बायकोनं चहा आणून ठेवला. धनेशनं कप उचलला, पण त्याच्यानं तो पिववला नाही. कप परत ठेवून तो उठला.

आईचं घरात मन लागेना. आतल्या खोलीत ती पाऊलच टाकत नव्हती. बाहेरच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसायची, आणि कुठंही काही वाजलं, दारावरची बेल, कुकरची शिट्टी, रस्त्यावरचा रिक्षाचा हॉर्न, की दचकून उठायची. मेसवाल्यांनी दोनदा बोलावणं धाडलं, ती गेली नाही. शेवटी दौलतराव तिला न्यायला आले.

"थोडे दिवस राहू दे गावाकडं," मामा म्हणाले. "तिकडं माणसांत राहील."

"तू कामून एकटा राहतूस?" आई धनेशला म्हणाली. "तू बी चल."

"कंपनी आहे ना, आई."

त्यांना गाडीत बसवायला तो नाशिक फाट्यापर्यंत गेला. गाडीला वेळ होता. आईनं पिशवीतून डबा काढून त्याच्या हातात दिला, दोन दिवस पुरतील एवढ्या चपात्या होत्या. गाडी आली. मामांनी सामान वर चढवलं. आई खिडकीशी बसली आणि तिनं हात बाहेर काढून धनेशच्या तोंडावरून फिरवला.

"फोन करत जा," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "नुसता निरोप धाडू नगंस. बोलत जा."

"बोलेन."

गाडी गेली. धनेश रस्ता ओलांडून भोसरीकडं जाणाऱ्या शेअर रिक्षात बसला. रिक्षात आधीच तिघं होते, शिफ्ट सुटलेले, कपड्यांना ऑइलचा वास. त्यातला एक जण झोपेत त्याच्या खांद्यावर कलंडला. धनेशनं त्याला उठवलं नाही. बिल्डिंगपाशी उतरून त्यानं कुलूप काढलं, दिवा लावला. घरात काहीच आवाज नव्हता. त्यानं डबा ओट्यावर ठेवला आणि आईच्या जागी भिंतीला पाठ लावून बसला. तिला फोन करावा असं त्याला वाटलं. पण गाडी अजून हडपसरलाही पोचली नसेल, आणि काय बोलायचं ते त्याला सुचत नव्हतं.